किनाऱ्यावरची अभयारण्यं: कार्यक्रम पाहून झाला, आता काम काय करायचं?

खाजणकाठ:

डिसेंबर सरत आला की इथे 'फ्लेमिंगो कुठे दिसतील' आणि होळीच्या सुमारास 'कोकणात वेळासला कासवं निघाली का' हे दोन धागे हमखास वर येतात. त्यांची उत्तरं जुन्या धाग्यांत आहेत, ती परत देत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. बोटफेरी झाली, फोटो झाले, मुलांची हौस फिटली. यानंतर ज्याला तिथे काही काम करायचंय त्याने कुठे जायचं? आणि कोणतं काम खरंच लागतं, कोणतं फक्त आपल्या समाधानापुरतं असतं?

माझ्याकडे आहे ती माहिती आधी मांडते.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. क्षेत्र १६९० हेक्टरच्या आसपास. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन (खारफुटीचं जंगल), बाकी खाडीचं पाणी. २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. राज्यातून त्याआधी नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार या दोनच जागा होत्या. कारभार वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे. ऐरोलीला त्यांचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि फ्लेमिंगोंची बोटफेरी तिथून निघते.

लोकांसाठीचे कार्यक्रम वर्षभर असतात, पण बहुतेक एखाद्या 'दिना'ला चिकटलेले. २ फेब्रुवारी पाणथळ दिन, २६ जुलै कांदळवन दिन, सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी किनारा सफाई, ऑक्टोबरच्या सुरुवातीला वन्यजीव सप्ताह. ५ ते १२ नोव्हेंबर आपला पक्षी सप्ताह, ज्याच्या एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. पहिल्यांदा येणाऱ्याला हे सगळं उत्तम आहे. भाषण, शपथ, गटाचा फोटो, प्रमाणपत्र. पण त्याच माणसाला तिसऱ्या वर्षीही शपथच मिळत असेल तर तो येणं बंद करतो. असे कितीतरी जण माझ्या ओळखीत आहेत. उत्साह होता, पुढची पायरी कोणी दाखवली नाही.

माझं मत सांगून टाकते, मग खुशाल भांडा. अशा ठिकाणी उपयोगी पडतो तो दर महिन्याला त्याच जागी येणारा, तिथला वनरक्षक किंवा कासवमित्र (गावातला, कासवांची घरटी राखणारा) सांगेल तेवढंच करणारा माणूस. काम कंटाळवाणं असतं. मोजा, लिहा, उचला, लोकांना मागे सारा. ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांनी तपशिलात लिहा. 'खूप छान अनुभव' एवढंच नको.

रानवारा:

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: बोटफेरीची वेळ दर दिवशी वेगळी का असते? आम्हाला एकदा दुपारी दीडची मिळाली, उन्हात भाजून निघालो. सकाळी सहाला का नेत नाहीत?

लाटकर:

@रानवारा, कारण खाडी तुमच्या घड्याळावर चालत नाही. पूर्ण ओहोटीला बोटीखाली पाणी नसतं, चिखल असतो. पूर्ण भरतीला बोट मजेत चालते, पण चिखलपट्टे बुडालेले असतात आणि पक्षी दुसरीकडे जाऊन बसलेले. म्हणून मधली वेळ पकडायची. पाणी चढत असताना पक्षी चिखलाच्या उरलेल्या पट्ट्यावर दाटीवाटीने येतात, तेव्हा ते जवळून दिसतात.

वेळ काढायची जुनी रीत सांगतो. तिथीला पाऊणने गुणा, येईल तो आकडा म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पहाटे-सकाळचं आणि दुपार-रात्रीचं गणित तेच. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. ओहोटी साधारण सहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीच्या आत पाणी बंदरापेक्षा उशिरा चढतं, म्हणून बोटवाला छापील तक्ताच बघतो. पण घरी बसून शनिवार कामाचा की नाही हे ठरवायला कालनिर्णय पुरतं.

दुसरं, उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि ओहोटीला तेवढंच दूर जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाण्याची हालचाल कमी. सफाईचा दिवस कॅलेंडरवर रविवार बघून ठरवणारे भरतीच्या ऐन वेळी शंभर माणसं आणून उभी करतात. मग ती माणसं बांधावर उभं राहून घोषणा देतात.

चिकित्सक:

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य +१.

पण मुळात या सफाई मोहिमांचा हिशोब कोणी करतं का? आज दोन टन काढलं म्हणून बातमी येते. पुढच्या उधाणाला तेवढंच परत येतं. कचरा नाल्यातून येतो, तो नाल्यात अडवायला हवा. तिवरांत (कांदळवनातल्या झाडांत) घुसून श्वसनमुळं तुडवत पिशव्या वेचण्यात फायदा जास्त की नुकसान? पेन्सिलीएवढी मुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यांतून झाड हवा घेतं. पन्नास जण बूट घालून त्यावर नाचले की झालं.

खाजणकाठ:

@चिकित्सक, नाल्याबद्दल दुमत नाही. पण तीच मुळं प्लास्टिकने झाकली गेली तरी झाड गुदमरतं, आणि जाळ्यांचे तुकडे पक्ष्यांच्या पायात अडकतात ते वेगळं. म्हणून कचरा काढायचाच, फक्त माणसं कमी. आठ-दहांचा गट, एकामागे एक, ठरलेल्या वाटेने. मुळांच्या दाटीत कोणी शिरायचं नाही, कडेवरून आकड्याने ओढायचं. आणि गोण्या मोजण्यापेक्षा काय सापडलं ते लिहायचं: पाऊच किती, बाटल्या किती, थर्माकोल किती, चपला किती (चपलांची संख्या बघून थक्क व्हाल, आणि जोडी कधीच सापडत नाही). नाल्यावर जाळी बसवा म्हणून पालिकेकडे जायचं तर हाच कागद हातात लागतो.

सफाईने काहीच होत नाही असंही नाही. वर्सोव्याला अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरुवात केली तेव्हा तिथे वाळू दिसत नव्हती. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. पण तिथे लोक आठवड्यामागून आठवडा येत राहिले होते. एका रविवारचं ते काम नव्हे.

मास्तर:

आमच्या शाळेची मुलं ऐरोलीच्या केंद्रावर नेतो. निरीक्षण असं की मुलांना फ्लेमिंगोपेक्षा निवट्या जास्त आवडतात. मासा असून चिखलावर चालतो, उड्या मारतो, डोळे डोक्यावर. फ्लेमिंगो लांब असतात, दुर्बीण एक आणि मुलं चाळीस. तेव्हा मार्गदर्शन करणाऱ्यांना विनंती: पायाशी काय आहे ते आधी दाखवा. खेकड्यांची बिळं, तिवराच्या पानामागचं मीठ (चाटून बघू द्या, आयुष्यभर विसरत नाहीत), मग आकाश.

'गुलाबी का' याचं उत्तर तयार ठेवा: शेवाळ आणि बारीक जीवांतली कॅरोटीन गटातली रंगद्रव्यं. पिल्लू करडंच असतं. पुढचा प्रश्न 'मग आम्ही गाजर खाल्लं तर?' असा येतोच.

तिवर:

आता मी थोडं कडू बोलणार आहे. 'स्वयंसेवा' म्हटलं की पहिली मागणी येते ती कांदळवन लागवडीची. कंपन्यांना ती फार प्रिय. रोप, चिखल, टोपी, फोटो. पण लागवड कुठे करतात ते बघा. जिथे पाय ठेवायला सोपं आणि मोकळं दिसतं तिथे. आणि मोकळं काय दिसतं? चिखलपट्टा. तो ओसाड नाही. फ्लेमिंगोंचं ताट तेच आहे. तुतवार, चिखल्या, शेकाट्या सगळे तिथेच चरतात. ठाणे खाडीत गाळ साचून तिवरं आपणहून चिखलावर पुढे सरकत आहेत. त्यात आपण हाताने भर घालायची आणि मग पक्षी कमी झाले म्हणून परिसंवाद भरवायचा.

तिवराला लावणारा लागत नाही. बी पाण्यावर तरंगत येतं, जागा पटली की रुजतं. जिथे पूर्वी कांदळवन होतं आणि भराव घालून किंवा बांध टाकून भरतीचं पाणी तोडलंय, तिथे आधी पाण्याला वाट करून द्या. पाणी आलं की बी येतं. पाणीच येत नसेल तर हजार रोपं लावा, उन्हाळ्यात काड्या उरतील.

त्यातून लागवड करायचीच असेल तर कांदळवन कक्षाने ठरवलेल्या जागी, त्यांच्याच रोपवाटिकेतली, त्या जागी शोभेल ती जात. २०२० मध्ये पांढरी चिपी राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली, तेव्हापासून सगळ्यांना चिपीच हवी. तिला हवी तेवढी भरती मिळत नसेल तर ती तिथे काय करणार?

कुंपणावरचा:

@तिवर, मुद्दा कळला पण सूर पटला नाही. कंपनीचे लोक लागवडीला आले म्हणून निदान कांदळवन नावाची गोष्ट त्यांना कळली. ऑफिसातल्या माझ्या निम्म्या सहकाऱ्यांना ती 'खाडीकडची घाण' वाटायची. पहिल्याच दिवशी पाण्याचं शास्त्र ऐकवलंत तर पळून जातील. आणि निधीही तिथूनच येतो.

तिवर:

निधी घ्या की, नाही कोण म्हणतंय. पण त्याच माणसांना रोपवाटिकेत पिशव्या भरायला बसवा, तेही मातीचंच काम आहे. लागवड झाल्यावर वर्षाने किती जगली ते मोजायला त्यांनाच परत बोलवा. मोजायला कोणी येत नाही, हेच माझं दुखणं आहे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडण्यावर राज्यभर बंदी घातली. आहे ते वाचवायला कायदा भक्कम आहे. भराव टाकणारा डंपर दिसला तर तारीख, वेळ, जागा टाकून लेखी तक्रार करणारा माणूस शंभर रोपांपेक्षा मोलाचा.

मोजणीदार:

मोजणीचा विषय निघालाच आहे तर जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेबद्दल लिहितो. १९८७ पासून चालू आहे. जानेवारीच्या मध्याला ठरलेल्या पाणथळ जागी जाऊन सगळे पाणपक्षी मोजायचे, दर वर्षी तीच जागा, शक्य तर तीच माणसं. एका वर्षाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. मालिका झाली की तो बोलायला लागतो.

नवीन माणूस विचारतो, हजारो पक्षी मोजायचे कसे? एकेक करून नाही. आधी दहा पक्षी मोजा आणि दहाचा पुंजका केवढा दिसतो ते डोळ्यात बसवा. मग तसे दहा पुंजके म्हणजे शंभर. मग शंभराच्या मापाने थवा कापत जा. मध्येच उडाला तर पुन्हा सुरुवात, चिडचिड करायची नाही. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडे आधी एकमेकांना सांगायचे नाहीत. बोलून ठरवलेला आकडा नेहमी मोठ्या आवाजाच्या माणसाचा असतो.

नवख्याला लगेच मोजायला देत नाहीत, यावर रुसू नये. आधी लिहायला बसवतात: वेळ, भरतीची स्थिती, वारा, कुत्री किंवा माणसांचा त्रास. ही नोंद नसेल तर संख्या निरुपयोगी, कारण भरतीत मोजलेली आणि ओहोटीत मोजलेली संख्या एकमेकींशी ताडता येत नाही.

मोठा रोहित आणि लहान रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगो, त्याच्या या दोन जाती) वेगळे लिहायचे. लहानाची चोच गडद किरमिजी, लांबून काळपट दिसते. मोठ्याची फिकट गुलाबी, टोकाला काळी. नुसतं 'फ्लेमिंगो ५०००' असं लिहिलेला कागद आला की डोकं फिरतं. लहान रोहित सूक्ष्म शेवाळावर जगतो, मोठा चिखलातले किडे-कवचधारी गाळून खातो. उद्या पाण्यात बदल झाला तर दोघांवर परिणाम वेगवेगळा होणार.

आणि भरतीच्या वेळी हे पक्षी जातात कुठे तेही मोजायला हवं. नवी मुंबईतल्या पाणथळ जागांवर ते विसाव्याला जातात. अभयारण्याची हद्द कागदावर आहे, पक्ष्याला दिवसात दोन्ही जागा लागतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. विसाव्याच्या तळ्यांच्या नोंदी ठेवायला माणसं मागितली तेव्हा मोजकीच आली.

अवांतर: पायात कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर रंग, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, अक्षरं, सगळं टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. फोटो धूसर असला तरी चालतो.

दापोलीकर:

कासवांकडची बाजू मी मांडतो. आमच्याकडे वेळास, आंजर्ले, केळशी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला काम सुरू केलं तेव्हा अंडी सर्रास उकरून नेली जात होती. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक गावातल्या घरांत उतरायला लागले, आणि घरटं राखण्यात गावाचाच फायदा झाला. 'गर्दीने नासवलं' म्हणणाऱ्यांनी हा आधीचा काळ लक्षात ठेवावा.

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही आलात तर कुठे बसता ते कळेल. मादी रात्री येते, वाळूत सुरईसारखा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि परत जाते. कासवमित्र पहाटेच्या आधी किनारा चालतो, तिच्या येण्याजाण्याच्या खुणा शोधतो. अंडी काही तासांच्या आत हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्यासाठी राखलेल्या जागेत हलवायची. वरची बाजू वरच राहिली पाहिजे. नंतर अंडं फिरलं तर आतला जीव दगावतो. हॅचरीत तेवढ्याच खोलीचा खड्डा, त्यावर तारखेची पाटी. पंचेचाळीस ते साठ दिवस. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात.

यातलं अंडी हलवण्याचं काम पाहुण्याला मिळत नाही. मिळूही नये. ते परवानगीचं आणि सवयीचं काम आहे. ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तुम्हाला मिळतं ते दोरी धरून गर्दी मागे ठेवण्याचं. आणि ते सगळ्यात अवघड. पिल्लं सोडली की लोक पुढे सरकतात, फ्लॅश मारतात, वाळूत पाय रोवतात. पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं, त्यामुळे मोबाइलची बत्ती त्याला भरकटवते. पिल्लाला पाण्यापर्यंत उचलून का नेत नाही, असं प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतं. ते अंतर त्याने स्वतःच्या पायांनी तोडायचं असतं, म्हणून मुद्दाम पाण्यापासून दूर सोडतात.

टोपलीखाली काही नसलं की मात्र मजा बघावी. 'एवढ्या लांबून आलो' म्हणून कासवमित्रावर ओरडणारे लोक मी पाहिलेत. त्यांना शांतपणे समजावणारा एक स्वयंसेवक रोज हवा असतो. जागा कायम रिकामी आहे, अर्ज करा!

अनामिका_मुलुंड:

@दापोलीकर, माग काढण्यासाठी टॅग लावलेल्या कासवांचं पुढे काय झालं? 'प्रथमा' नाव वाचल्याचं आठवतंय.

दापोलीकर:

जानेवारी २०२२ मध्ये वेळासला जिला सॅटेलाइट टॅग लावला ती प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावरची पहिली, म्हणून ते नाव. त्या हंगामात आंजर्ले आणि गुहागर धरून एकूण पाच माद्यांना टॅग लावले. २०२३ मध्ये गुहागरहून आणखी दोन, बागेश्री आणि गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. उलट २०२१ मध्ये ओडिशात पायाला साधा धातूचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. म्हणजे दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी हा आपला समज होता, त्यांचा नव्हता. आणि हे कळलं ते पहाटे किनारा चालणाऱ्या माणसांमुळे. बिल्ला बघणारं कोणी नसतं तर ती आली तशी गेली असती.

शांताकाकू:

मी साठी ओलांडलेली, गुडघे दुखतात. चिखलात जाणं, पहाटे वाळू तुडवणं होणार नाही. माझ्यासारखीला काही काम आहे का, की नुसतं वाचायचं?

खाजणकाठ:

काकू, भरपूर आहे. एक, मोजणीचे कागद संगणकात भरणं. हे कोणालाच नको असतं आणि सगळं तिथेच तुंबतं. दोन, माहितीफलक आणि पत्रकं नीट मराठीत करणं. हल्ली फलकांवरचं मराठी वाचवत नाही. तीन, केंद्रावर सुट्टीच्या दिवशी बसून येणाऱ्यांशी बोलणं. लोक आजीचं ऐकतात, गणवेशातल्या माणसाशी वाद घालतात.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवनाची सफर घडवतात. त्यांचं बोलणं एकदा ऐकून या. झाडाची माहिती पाठ केल्यासारखी येत नाही, रोजच्या जगण्यातून येते. केंद्रावर तसंच बोलणारं कोणी हवंय.

लाटकर:

एक भर. पावसाळ्यात कार्यक्रम बंद असतात, पण काम तेव्हाच निघतं. जाळ्यात अडकून जखमी झालेली कासवं जून ते सप्टेंबरात किनाऱ्याला लागतात. लोक प्रेमाने उचलून पाण्यात ढकलतात. तसं करू नका. दमलेलं कासव बुडून मरतं. सावलीत ठेवा, ओलं फडकं पाठीवर टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, कुत्री हाकला आणि वनविभागाला १९२६ वर फोन लावा. डहाणूला कासवांवर उपचाराचं केंद्र आहे. किनाऱ्यावर रोज फिरायला जाणारे जेवढे आहात तेवढ्यांनी हा नंबर जपून ठेवा.

रानवारा:

जानेवारीच्या मोजणीला लिहायचं काम मी करेन. नाव कुठे द्यायचं? आणि गमबूट घ्यावे लागतील का?

मोजणीदार:

नाव ऐरोलीच्या केंद्रावर डिसेंबरात जाऊन द्या, तारीख भरती बघून ते सांगतील. गमबूट नकोत. गाळात बूट रुतून बसतो आणि पाय रिकामा वर येतो. नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट चालतील. टोपी, पाणी, दोन पेन्सिली. पेन नको, दवाने कागद ओला होतो. भडक रंगाचा शर्ट घालू नका, आणि मी तुम्हाला आकडा विचारला तर सांगू नका.